स्पीडचं रजिस्टर

दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून जेवणाच्या टेबलाशी बसतो. खाली लुंगीच असते. तो भाग मोबाईलमध्ये दिसत नाही. वरचा भाग कॅनडात, कॅलगरी नावाच्या गावी, माझ्या मुलीला म्हणजे सायलीला दिसावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तिला काय दिसतं ते तिनंच एकदा फोटो काढून पाठवलं. कपाळ ठीक आलं होतं. डोळ्यांच्या जागी सात-आठ चौकोन होते आणि तोंड उघडंच राहिलं होतं. छत्तीस वर्षं बांधकाम खात्यात काम करून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची ही अवस्था कोणी पाहावी असं मला वाटत नाही.

माझी बायको उर्मिला जाऊन सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून माझं आठवडाभराचं बोलणं म्हणजे दूधवाल्याला 'अर्धा लिटर' आणि भाजीवाल्याला 'पाव किलो'. बाकीचं सगळं रविवारसाठी साठवून ठेवावं लागतं. शनिवारी संध्याकाळी मी एका चिठ्ठीवर मुद्दे काढून ठेवतो. गॅस संपला, नळाचं वॉशर बदललं, संत्र्याला यंदा बहर बरा आहे. आणि रविवारी दुसऱ्याच मुद्द्यावर सायली म्हणते, "बाबा, तुमचा आवाज तुटून राहिला." तिसऱ्या मुद्द्याला ती दिसेनाशी होते.

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडचं नेट आधी सुधरवा. मग आपण निवांत बोलू."

निवांत हा शब्द मी या घरात फार दिवसांनी ऐकला. त्याच दिवशी बाजारात जाऊन दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि रकाने आखले. दिनांक, वेळ, जागा, स्पीड आणि शेरा. सरकारी माणसाला काम सुरू झाल्यासारखं वाटायला रकाने लागतात.

स्पीड मोजायचं अ‍ॅप चेतननं टाकून दिलं. चेतनचं आमच्या सौंसरच्या बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे आणि तो कोणत्याही मोबाईलकडे डॉक्टर जिभेकडे पाहतो तसा पाहतो. अ‍ॅपमध्ये बटण दाबलं की काटा फिरतो आणि आकडा येतो. जेवणाच्या टेबलापाशी पाऊण आला. देवघरात दीड. न्हाणीघराच्या दारात तीन आला, पण तिथे बसून मुलीशी बोलणं मला प्रशस्त वाटेना. शेवटी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर, पूर्वेकडे तोंड केलं की सहा येतो असा शोध लागला. हे सगळं मी चार दिवस, दिवसातून तीनदा, नोंदवलं.

गच्चीवर मी हातात मोबाईल धरून गोल फिरताना समोरच्या प्रभाकररावांनी पाहिलं. प्रभाकरराव संत्र्याचे व्यापारी. फळ न कापता आतल्या फोडी सांगणारा माणूस, त्यामुळे सल्ला देताना त्यांना माहितीची गरज पडत नाही. त्यांनी मोबाईल स्टीलच्या परातीत उभा करायला सांगितला, म्हणजे लहरी गोळा होतात. मी केला. सायली म्हणाली, तुम्ही विहिरीतून बोलून राहिले का. मग त्यांनी परातीत पाणी घालायला सांगितलं. मी घातलं. मोबाईल घसरून त्यात पडला आणि तीन दिवस तांदळाच्या डब्यात राहिला. त्या रविवारी बोलणं झालंच नाही, आणि शेऱ्याच्या रकान्यात मी 'यंत्र तांदळात' असं लिहिलं.

पुढचा रविवार मी टाकीच्या ओट्यावर, उन्हात, छत्री धरून साजरा केला. दुसरा मुद्दा संपला, तिसरा संपला. इतक्यात माझ्या मागे कठड्यावर एक वानर येऊन बसलं. सायलीला ते दिसलं आणि तिचा चेहरा उजळला. त्याची शेपटी केवढी आहे, ते काय खातं, त्याला पिल्लं आहेत का, हे तिनं मला खोदून खोदून विचारलं. तिनं तिचं मांजर उचलून वानराला दाखवलं. मांजराचं नाव लाडू. एकोणीस मिनिटं बोलणं झालं. रजिस्टरमध्ये तो उच्चांक आहे. वानर गेल्यावर मी चौथ्या मुद्द्याकडे वळलो आणि आवाज तुटायला लागला.

आता रीतसर तक्रार करणं भाग होतं. कंपनीच्या नंबरावरच्या बाईंनी फार गोड हिंदीत माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि तक्रार क्रमांक दिला. दोन दिवसांनी तक्रार बंद झाल्याचा संदेश आला. कारण असं की माझं सिम महाराष्ट्राचं आहे आणि मी राहतो मध्य प्रदेशात. हे खरं होतं. सौंसरचा माणूस चष्मा, दात आणि जावई नागपूरहून आणतो, तसं मी सिमही तिथल्या सीताबर्डीवरून आणलं होतं. इथे घेतलेली वस्तू टिकत नाही अशी आम्हा सगळ्यांची समजूत आहे आणि तिला आधार काहीही नाही. महाराष्ट्रवाले म्हणाले, टॉवर आमचा नाही. मध्य प्रदेशवाले म्हणाले, ग्राहक आमचा नाही. मी कोणाचा आहे हे ठरेपर्यंत अकरा दिवस गेले.

मग इंटरनेटवरून तक्रार करायचं ठरलं. तिथे जिल्हा निवडायची यादी होती. आमचा पांढुर्णा जिल्हा होऊन दोन वर्षं झाली, पण त्या यादीला कोणी कळवलेलं दिसलं नाही. मी जुना जिल्हा, छिंदवाडा, निवडला. तर पत्त्याच्या पुराव्यावर पांढुर्णा, अर्जात छिंदवाडा, म्हणून अर्ज परत. खाली लिहिलेलं होतं, 'त्रुटि सुधार हेतु वापस.'

हे शब्द मी ओळखले. माझ्या हातानं मी ते हजारो अर्जांवर लिहिले होते, लाल शाईनं, खाली लफ्फेदार सही करून. लोक तो कागद हातात घेऊन माझ्या टेबलासमोर थोडा वेळ नुसते उभे राहायचे. ते का उभे राहतात याचं मला तेव्हा नवल वाटे. आता मीही लॅपटॉपसमोर तसाच बसून राहिलो.

तेवढ्यात पांढुर्ण्याला ग्राहक मार्गदर्शन शिबिर असल्याचं कळलं. मोबाईल, इंटरनेट आणि आपले हक्क, असा विषय. माझ्या घरामागच्या ओळीत राहणारे भाऊराव गजभिये यांनाही मी सोबत घेतलं. भाऊराव रेल्वेत तारबाबू होते. पांढुर्णा स्टेशनात त्यांनी तारेच्या यंत्रावर मोर्सचं कडकट्ट करत उमेदीची वर्षं घालवली, आणि मग एक दिवस ते यंत्र काढून नेलं गेलं. बाकी नोकरी त्यांनी तिकिटं देत काढली. तिकिटाच्या खिडकीबद्दल ते कधी बोलत नाहीत.

बस सुटायला वीस मिनिटं होती तरी भाऊराव घाई करत होते. मला आमच्या वडिलांची, अण्णांची, आठवण झाली. अण्णा मोहगावला एकटे राहायचे आणि मी नोकरीत असताना पंधरा दिवसांनी एकदा त्यांना भेटायला जायचो. परतीची बस साडेपाचला. अण्णा चार वाजल्यापासून मागे लागायचे, निघ आता, बस चुकन तुही. दीड तास आहे म्हटलं तरी ऐकत नसत. मग मी स्टँडवर बसून तासभर भजी खायचो. म्हातारपणी माणसाला वेळेचा अंदाज राहत नाही, असं मी घरी येऊन उर्मिलेला सांगत असे.

शिबिरात आम्ही धरून अकरा माणसं होती. व्याख्यात्यांनी सांगितलं की आधी कंपनीकडे तक्रार, क्रमांक जपून ठेवायचा, मुदतीत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. मी हात वर करून रजिस्टर दाखवलं. त्यांनी ते चाळलं आणि म्हणाले की इतकी शिस्तशीर नोंद त्यांनी आजवर पाहिली नाही. बाकी दहाही माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं. उर्मिला गेल्यानंतर माझ्याबद्दल कोणी चांगलं बोलण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे मला थोडं पाणी प्यावं लागलं.

शिबिरात एक पुस्तिका मिळाली. तिच्या शेवटच्या पानांवर हौशी रेडिओ ऑपरेटरच्या, म्हणजे घरातून बिनतारी यंत्रावर परदेशाशीही बोलण्याच्या, परवान्याची माहिती होती. परतीच्या बसमध्ये भाऊरावांनी ती पानं तीनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "मुकुंदभाऊ, हे पाहा. मधात कंपनी नाई, टॉवर नाई, सिम नाई. तुमी इकून बोला, पोरीनं तिकून आयकावं. अन् वरच्या परीक्षेले कडकट्ट लागते. ते मी शिकवतो तुमाले."

त्यांचा हात मांडीवर आपोआप वाजत होता. तीस वर्षांत त्यांना ते ऐकणारं कोणी भेटलं नव्हतं. मी हो म्हणालो. सायलीलाही कॅनडात असा परवाना काढावा लागेल हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. आल्यावरही आम्ही ते बाजूला ठेवलं.

अपील टाकलं आणि अभ्यास सुरू झाला. संध्याकाळी भाऊराव यायचे. चमचा आणि उपडं ताट. ते वाजवायचे, मी लिहायचो. पहिल्या आठवड्यात त्यांनी पाठवलेल्या 'चहा'चं माझ्याकडे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. त्यांच्या पत्नी सुमनबाई दाराशी येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, माणसं रिटायर झाल्यावर देवधर्म करतात, हे दोघं ताट बडवून राहिले. पण जाताना त्या भाकरी आणि झुणका ठेवून गेल्या.

गच्चीवर बांबू उभे करून आम्ही लांब तार ताणली. दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी, की मुकुंदभाऊ घरावर टॉवर लावून राहिले. प्रभाकररावांनी येऊन गंभीरपणे सांगितलं की लहरींनी संत्र्याची फळगळ होते. चौदा सह्यांचा आक्षेप अर्ज आला. मी तो वाचला, त्यात दिनांक नव्हता, तो सवयीनं त्रुटी दाखवून परत केला. मग कोणीतरी पसरवलं की टॉवरला कंपनी भाडं देते, आणि तेच चौदा जण आपापल्या गच्च्या दाखवायला आले. खरं काय ते समजावून सांगितल्यावर सगळ्यांचा रस संपला. मागच्या घरातल्या छायाबाईंनी तेवढं विचारलं की तार रिकामीच आहे तर साड्या वाळत घालू का. मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सुचेना, आणि गच्चीवर माणसाची ये-जा बरी वाटते.

नागपूरला जाऊन मी खालच्या श्रेणीची परीक्षा दिली. खोलीत बाकी सगळी कॉलेजची मुलं. एकानं मला पर्यवेक्षक समजून उत्तरपत्रिका मागितली. मी पास झालो, बासष्टाव्या वर्षी. मग परवान्याचा अर्ज, आणि त्यासाठी चौकशीला एक हवालदार घरी आले. फार सज्जन माणूस. त्यांनी चहा घेतला, साड्या पाहिल्या आणि हिंदीत विचारलं, रेडिओ लावून तुम्ही बोलणार कोणाशी?

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, मुलीशी. ती कुठे राहते? कॅनडात. त्यांनी मान हलवली आणि प्रामाणिकपणे लिहून घेतलं, 'विदेश में संपर्क.' त्या तीन शब्दांवर माझी फाईल आजतागायत कुठेतरी बसलेली आहे. मी त्यांच्या जागी असतो तरी हेच केलं असतं.

सायलीला मी परवान्याबद्दल सांगितलं होतं. तिनंही काढला की आपण दर संध्याकाळी बोलू, नेटचा संबंधच नाही. ती म्हणाली, "बघते बाबा." बघते म्हणजे काय हे छत्तीस वर्षं लोकांना 'बघतो' म्हणालेल्या माणसाला कळायला हवं होतं.

आणि मग, अपिलाला एकशे त्रेचाळीस दिवस झाल्यावर, चमत्कार झाला. कंपनीचा प्रतीक नावाचा तंत्रज्ञ पांढुर्ण्याहून मोटरसायकलवर आला. त्यानं माझं रजिस्टर वाचलं, गच्चीवर गेला, साड्यांकडे पाहिलं, काही विचारलं नाही. मग तो टॉवरवर जाऊन आला. तिथल्या एका अँटेनाचं तोंड वाऱ्यानं की कशानं भलतीकडे वळलं होतं, ते त्यानं आमच्या गल्लीकडे केलं. जेवणाच्या टेबलापाशी आकडा आला अडतीस. मी चार वेळा बटण दाबलं. भाऊरावांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले छान झालं, पण त्यांचा चेहरा जरा उतरला. मी म्हणालो, कडकट्ट चालूच ठेवू, तेव्हा ते चहाला थांबले.

त्या शनिवारी मी मुद्द्यांची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरली. निवांत बोलायचं होतं.

रविवारी नऊला सायली दिसली ती इतकी स्वच्छ की मी पाहतच राहिलो. डोळ्यांखाली काळं आलं होतं. केसांत दोन पांढरे होते. तिच्या मागे सोफ्यावर लाडू झोपलं होतं, त्याच्या मिशासुद्धा मोजता आल्या असत्या. मी म्हणालो, दिसून राहिलो का मी? ती म्हणाली, हो बाबा, एकदम क्लिअर. मग मी पहिला मुद्दा घेतला, सिलिंडरचा. दुसरा, प्रतीक आणि अँटेनाचा. ती हो, हो म्हणत होती. तिसरा मुद्दा मोठा होता, त्यात हवालदार होते, तो मी रंगवून सांगायला घेतला. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती.

आणि सायली थांबली. तोंड अर्धवट उघडं, डोळे एका जागी, हात हवेत. मी म्हणालो, सायली? ती हलली नाही. मी मनात म्हटलं, झालं, परत चौकोन येणार.

चौकोन आले नाहीत. तिच्या मागे सोफ्यावर लाडूनं मान वर केली, तोंड उघडून मोठी जांभई दिली, दोन्ही पाय ताणले आणि उठून निघून गेलं. सायली तशीच होती. तिच्या मानेची एक शीर हलत होती. तिला फार वेळ श्वास धरून ठेवता येत नाही, लहानपणी लपाछपीतही यायचा नाही. मग पडदा काळा झाला. मिनिटभरात संदेश आला, 'बाबा नेट गेलं वाटतं. पुढच्या रविवारी बोलू. काळजी घ्या.'

मी अ‍ॅप उघडून बटण दाबलं. एक्केचाळीस.

मी किती वेळ बसलो होतो ते नोंदवलेलं नाही. मला तिचा राग आला, हे खोटं कशाला सांगू. मग मी रजिस्टर काढून मागची पानं पाहिली. आवाज तुटल्याच्या वेळा. गच्चीवर सहा असतानाही तुटला होता. वानर गेल्यानंतर तुटला होता. उर्मिला असताना फोन तिच्याच हातात असायचा, त्या दोघींचा तास तास जायचा आणि मी मागून फक्त 'मी ठीक आहे म्हण' असं सांगायचो. सायलीला माझ्याशी बोलायची सवय कधी लागलीच नव्हती, आणि मलाही लावता आली नव्हती. दिवसभर राबून आलेली ती पोर तिकडच्या दर शनिवारी रात्री बापाच्या नळाचं वॉशर ऐकायला बसते, हे काही थोडं नाही.

आणि मला मोहगाव आठवलं. अण्णा चार वाजता 'निघ' म्हणायचे, पण त्याआधी मी दोनदा मनगटावर पाहिलेलं असायचं. एकदा पाणी पिताना आणि एकदा ते मागच्या वर्षीच्या पावसाचं सांगत असताना. अण्णांना वेळेचा अंदाज उत्तम होता. ते मला जाऊ देत होते, आणि जाताना मला वाईट वाटू नये याची सोयही करून देत होते. हे कळायला मला तीस वर्षं आणि एक मांजर लागलं.

पुढच्या रविवारी मी दाढी केली, सदरा घातला. चिठ्ठी काढली नाही. सायली दिसली, तशीच स्वच्छ. मी लाडूची चौकशी केली. लाडूला नवीन खाणं आणलंय, ते त्याला आवडत नाही, असं ती दोन मिनिटं सांगत होती आणि मी ऐकत होतो. मग तिनं डोळे चोळले. मी घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून पाच मिनिटं.

मी म्हणालो, "सायली, आवाज तुटून राहिला गं तुझा. दिसूनही नाही राहिली नीट."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिचे खांदे खाली आले.

"हो ना बाबा," ती म्हणाली. "तुमच्याकडचं नेट ना. सुधरू द्या, मग आपण निवांत बोलू."

मी हो हो म्हणालो आणि माझ्या बाजूनं फोन बंद केला. बाहेर छायाबाई गच्चीवर साड्या काढत होत्या. भाऊराव संध्याकाळी येणार होते.

दुपारी कंपनीचा संदेश आला. आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे का? हो असल्यास १ पाठवा, तक्रार बंद करण्यात येईल. नाही असल्यास २. स्पीड पाहिला, चाळीस होता. छत्तीस वर्षांत मी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. मी दोन पाठवला. थोड्या वेळानं नवीन तक्रार क्रमांक आला, तो मी रजिस्टरमध्ये नीट उतरवून ठेवला.